प्रश्न कोणी घातला?

शिष्यवृत्ती परीक्षेला बसलेल्या मुलासमोर बुद्धिमत्ता चाचणीत असा प्रश्न येतो: ३, ६, ११, १८, पुढची संख्या कोणती? सराव झालेले मूल लगेच शेजारच्या संख्यांमधला फरक काढते. ३, ५, ७. म्हणजे पुढचा फरक ९ आणि उत्तर २७. योग्य पर्यायाचे वर्तुळ काळे करून ते पुढच्या प्रश्नाकडे वळते. यात नियम हुडकण्याची ताकद आहे आणि ती मोलाचीच आहे. पण अशा प्रत्येक चाचणीत तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. प्रश्न दुसऱ्याने घातलेला असतो. उत्तर आधीच ठरलेले असते. आणि उत्तर चुकले तर नुकसान सोडवणाऱ्याचेच होते. बुद्ध्यंकाला कुठे किती वजन द्यायचे, हे या तीन गोष्टींवरून ठरवता येते.

आधी विद्यार्थ्याचे पाहू. फ्रान्समध्ये शाळेत मागे पडणाऱ्या मुलांसाठी काय करावे, याचा विचार करायला १९०४ साली सरकारने समिती नेमली. तिच्यात असलेल्या आल्फ्रेड बिने यांनी तेओदोर सिमों यांच्यासह पुढच्याच वर्षी सोप्याकडून अवघडाकडे जाणारी ३० कामे तयार केली. कोणत्या मुलाला वेगळी मदत लागेल, एवढेच त्यांना शोधायचे होते. त्यामुळे निष्कर्ष मुलासाठी नसून शिक्षकासाठी होता. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते आणि ती वाढत नाही, या मताला बिने यांनी कडाडून विरोध केला होता. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी हीच चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. आजही एखादे मूल वाचन-लेखनात सारखे अडखळत असेल, तर अडचण आकलनाची आहे की अक्षरांशी जुळवून घेण्याची, हे तपासताना मानसतज्ज्ञ बिने-कामत चाचणी वापरतात. इथे आकडा पुढच्या उपायाची दिशा दाखवतो. इथे तो महत्त्वाचा आहे.

बिघाड झाला तो या आकड्यावरून मुलांची प्रतवारी सुरू झाल्यावर. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ पासून अतिशय वरचा बुद्ध्यंक असलेली सुमारे १५०० मुले निवडून त्यांचा जन्मभर मागोवा घेण्याचे काम हाती घेतले. पुढे विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. लहानपणी दोघांचीही चाचणी झाली होती आणि दोघेही निवडीतून गळले होते. निवडलेल्यांपैकी मात्र कोणालाही नोबेल मिळाले नाही. संशोधकाला आपला प्रश्न स्वतःच शोधावा लागतो. तयार प्रश्न सोडवण्याच्या वेगावरून ती क्षमता कळत नाही.

राज्यकर्त्याच्या बाबतीत तर तिन्ही गृहीतके कोसळतात. १९५३ साली मद्रास राज्यात शाळा थोड्या आणि मुले फार, अशी अडचण होती. मुख्यमंत्री राजाजी यांच्या तल्लख बुद्धीबद्दल विरोधकांनाही शंका नव्हती. त्यांनी उत्तर काढले: शाळा दोन पाळ्यांत भरवावी आणि उरलेल्या वेळात मुलाने वडिलांचा धंदा शिकावा. हिशेब बरोबर होता, पण त्यातून जात मुलाच्या गळ्यात पुन्हा पडत होती. लोक खवळले. १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी ही योजना गुंडाळली. त्यांची स्वतःची शाळा लहानपणीच सुटली होती. गरिबाचे मूल शाळेपर्यंत का पोचत नाही, हा प्रश्न त्यांनी हातात घेतला. मग गावोगावी शाळा निघाल्या आणि शाळेत दुपारचे जेवण मिळू लागले. कामराजांचे मोठेपण आहे ते प्रश्न बदलण्यात.

तिसरे गृहीतक सर्वांत भयंकर रीतीने न्यूरेंबर्गला उघडे पडले. १९४५ साली तिथल्या तुरुंगात मानसशास्त्रज्ञ गुस्ताव गिल्बर्ट यांनी नाझी नेत्यांची बुद्धिमत्ता चाचणी घेतली. गोरिंगचा बुद्ध्यंक १३८ आला, झाइस-इन्क्वार्टचा १४१. हा झाइस-इन्क्वार्ट व्यापलेल्या हॉलंडचा कारभार पाहत होता आणि त्याच्या अमलाखाली तिथून १ लाखाहून अधिक ज्यू छळछावण्यांकडे पाठवले गेले. आगगाड्यांचे वेळापत्रक आखायला, याद्या करायला, माणसे मोजायला बुद्धी लागते, आणि ती या राजवटीपाशी भरपूर होती. चाचणीत चूक झाली तर एक गुण जातो. इथे किंमत मोजणारे वेगळेच होते आणि त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते.

म्हणूनच डॉ. आंबेडकरांची भूमिका मला फार मोलाची वाटते. १९२९ साली मुंबई प्रांतिक समितीचे सदस्य म्हणून सायमन कमिशनसाठी दिलेल्या स्वतंत्र अहवालात त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला आणि साक्षरतेची अट नाकारली. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध, ही समजूतच त्यांनी खोडून काढली. एकत्र जगण्याच्या अटी ठरवण्याचा हक्क म्हणजे मताधिकार, असे ते मानत. ज्यांना परिणाम भोगायचे, प्रश्न घालण्याचा अधिकारही त्यांचाच.

मत देताना उमेदवाराच्या पदव्या आणि हुशारी जरूर पाहावी. पण त्याआधी तो कोणाचा प्रश्न हाती घेतो आणि त्याच्या चुकीची किंमत कोण देणार, हे पाहावे. मुलाचा निकाल हाती आला की शिक्षकाने आणि पालकांनी स्वतःला विचारावे: आता आपण याला काय आणि कसे शिकवायचे? आणि सरावसंचातले प्रश्न सोडवून घेताना एखादा तास मुलांनीच प्रश्न काढण्यासाठी राखून ठेवावा: आपल्या वर्गातली कोणती मुले मध्येच शाळा सोडतात, आणि का? उद्या मत देणारे आणि मत मागणारे याच वर्गातून येणार आहेत.