अर्धशिशी आणि तितिक्षा
अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचा उग्र वास आणि वाळूवरचे रणरणते ऊन, ही जी कोळ्यांच्या संसारास हवीच असतात, तीच अर्धशिशीच्या रोग्यास अंधाऱ्या खोलीत नेऊन पाडतात. तेथे त्याच्याजवळ पूर्वजन्मीच्या पापाची कैफियत मागणारे आप्त मला निष्ठुर वाटतात. सुश्रुताने तर या व्याधीस अर्धावभेदक म्हटले आणि तिच्यावर नस्य सांगितले. सुखदुःखे येतात नि जातात म्हणून ती सोसावीत, हीच तितिक्षा, असे गीतेचा दुसरा अध्याय सांगतो. परंतु ठणका ओसरल्यावरही, उद्याच्या लग्नास जाता येईल की नाही, ही जी धास्ती मागे राहते, तिच्याशीच तितिक्षेची खरी गाठ आहे. अर्नाळ्याच्या बेटावरील कालिकामातेस नमस्कार करून कोणी वेळेवर औषधाची गोळी घेतली, तर त्यात श्रद्धेचा अथवा तितिक्षेचा भंग मला तिळमात्र दिसत नाही.