जटामांसीचे तेल आणि चांद्रयान

दिनांक 23 ऑगस्ट 2023 रोजी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात अलगद टेकला. त्या वेळी भिवंडीतील यंत्रमागांची खडखड काही थांबली नव्हती. पण शेडच्या दाराशी, चहाच्या टपरीवर, गोदामांच्या फाटकापाशी एकेका मोबाइलभोवती पाच-दहा माणसे गोळा झाली होती. ईदचा चाँद, संकष्टीचा चंद्रोदय आणि आपला पुनरुत्थानाचा रविवार ठरविणारी वसंतसंपातानंतरची पौर्णिमा, अशी तीन परींनी ज्या शहरात चंद्राची वाट पाहिली जाते, त्या शहराला हा प्रवास परका वाटण्याचे कारण नव्हते. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले गेले. आणि दुसऱ्या दिवशी त्याच तोंडांतून निराळे बोल ऐकू येऊ लागले. “चंद्रावर पाणी आहे म्हणतात; आमच्या नळाला ते कधी येणार?” असे कोणी विचारले. कोणी म्हणाले, “यान चंद्रावर उतरते आणि आमच्याकडे इमारती माणसांवर कोसळतात.”

हे दुसरे वाक्य थट्टेवारी नेता येत नाही. सप्टेंबर 2020 मध्ये जिलानी इमारत पहाटेच्या झोपेत कोसळली आणि चाळिसाच्या आसपास माणसे तिच्याखाली गेली. त्यानंतर एप्रिल 2023 मध्ये, म्हणजे चांद्रयानाच्या अवघे चार महिने आधी, वळपाडा येथील इमारत खाली आली. ढिगाऱ्यातून आपले माणूस बाहेर निघण्याची ज्यांनी वाट पाहिली, त्यांनी आकाशाकडे पाहून आनंदित व्हावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

या आक्षेपाला एक हिशेबी उत्तर नेहमी दिले जाते. चांद्रयान-3 चा खर्च सुमारे 615 कोटी रुपये. एकशे चाळीस कोटींच्या देशात तो माणशी साडेचार रुपयांच्या आत येतो, टपरीवरचा अर्धा कप चहाही तेवढ्यात मिळत नाही. हिशेब खरा आहे. शिवाय भिवंडीच्या जीर्ण इमारती उभ्या राहिल्या नाहीत त्या पैसा चंद्रावर गेला म्हणून, असे म्हणणेही अवघड आहे; धोकादायक इमारत रिकामी करायला रॉकेट लागत नाही, दक्षता आणि थोडी लाज लागते. पण नीतीचा प्रश्न भागाकाराने सुटत असता तर विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट शुभवर्तमानात कशाला आली असती?

हाच प्रश्न 1970 साली एका धर्मभगिनीने विचारला होता. झांबियात सेवा करणाऱ्या सिस्टर मेरी जुकुंडा यांनी नासाचे शास्त्रज्ञ अर्न्स्ट श्टुलिंगर यांना पत्र लिहिले : पृथ्वीवर मुले उपाशी मरत असताना मंगळाच्या प्रवासावर अब्जावधी डॉलर्स कसे खर्चता? श्टुलिंगर यांनी सविस्तर आणि आदराने उत्तर दिले. त्यात त्यांनी जर्मनीतील एका उमरावाची हकीकत सांगितली. गावात रोगराई असताना हा उमराव भिंगे घासणाऱ्या एका माणसाला पोसत होता, म्हणून लोक रागावले होते. पुढे त्या खटाटोपातूनच सूक्ष्मदर्शक हाती आला आणि रोगराई हटविण्यास त्याचे साह्य झाले. मासेमारी, हवामान, पिके यांसाठी उपग्रहांचा झालेला उपयोग पाहता त्यांचे म्हणणे बरेचसे खरे ठरले आहे. तरीही हे उत्तर मला अपुरे वाटते. उद्या भिंगातून काहीच निघाले नाही तर? मग तारे पाहणे हे पाप ठरेल काय?

बेथानीच्या घरातील प्रसंग येथे आठवतो. मरियेने जटामांसीचे मोलवान तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, तेव्हा तीनशे दिनारांचा, म्हणजे मजुराच्या जवळजवळ वर्षभराच्या मजुरीचा, हिशेब मांडला गेला. योहान हा आक्षेप यहूदाच्या तोंडी घालतो. मार्क मात्र ‘काही जण’ एवढेच म्हणतो. मला मार्कचे मोघम बोलणे अधिक जवळचे वाटते, कारण गरिबांची आठवण करून देणारा प्रत्येक जण यहूदा नसतो. प्रभूने मरियेची बाजू घेतली, पण त्याच दमात गरीब सदैव तुमच्याजवळ आहेत, त्यांचे भले करणे तुमच्याच हाती आहे, असेही सुचविले. उपयोगाचे एकही कारण त्याने दिले नाही. निरुपयोगी सौंदर्याला ख्रिस्तसभेत जागा आहे ती तेव्हापासून. नाही तर व्हॅटिकनने वेधशाळा कशासाठी सांभाळली असती? सप्टेंबर 2025 पासून तिचे संचालक असलेले फादर रिचर्ड डिसोजा हे येशूसंघाच्या गोवा प्रांतातले, आपल्या शेजारचेच.

पण एक फरक उरतोच. तेल मरियेचे स्वतःचे होते. सरकारी तिजोरीतले तेल ओतणाऱ्याने ते ज्यांचे आहे त्यांना विचारायला नको काय?

एकदा तसे विचारले गेले होते. केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा हे गाव पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे साठच्या दशकारंभी अग्निबाणांच्या तळासाठी सोयीचे ठरले. परंतु नेमक्या त्या जागी मच्छीमारांची वस्ती आणि संत मरिया माग्दालेनाचे चर्च उभे होते. (पाश्चात्त्य परंपरा दीर्घकाळ बेथानीची मरिया ती हीच असे मानीत आली, आजचे अभ्यासक तसे मानत नाहीत.) डॉ. विक्रम साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपांनी त्यांना आपल्या अखत्यारीत होकार दिला नाही. रविवारच्या मिस्सेला बोलावले. तेथे त्यांनी लोकांना सांगितले, विज्ञानासाठी तुमचे घर, माझे घर आणि देवाचे घर मागितले जात आहे, ते देऊ या काय? डॉ. अब्दुल कलाम यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. लोकांनी ‘आमेन’ म्हटले. वस्ती हलली, दुसरीकडे नवे चर्च उभे राहिले. जुन्या चर्चमध्ये अग्निबाणाचे भाग जोडले जाऊ लागले, बिशपांच्या घरात कचेरी थाटली गेली, आणि 21 नोव्हेंबर 1963 रोजी पहिला अग्निबाण आकाशात गेला.

ते ‘आमेन’ म्हणणाऱ्यांपैकी कोणी श्रीमंत नव्हते. आज त्या चर्चमध्ये अंतराळ संग्रहालय आहे, आणि चंद्रावर उतरलेल्या यानाला नाव आहे ते साराभाईंचे.