छायाचित्र घेण्यापूर्वी

रायपूरच्या शास्त्री बाजारात छायाचित्रासाठी विषय शोधावा लागत नाही. लाल भाजीच्या जुड्या, त्यांवरचे कोवळे ऊन, जमिनीवर बसलेली भाजीवाली. खिशात फोन असला की झाले. मराठीत आपण छायाचित्र ‘काढतो’; हिंदीत त्यासाठी ‘खींचना’, म्हणजे ओढणे, हा शब्द आहे. मग ज्याचे ओढून घेतले, त्याला विचारले काय? विचारल्याने चेहऱ्यावरचा सहजपणा जातो, असे हौशी मंडळी म्हणतात. जाईना! उत्पत्तीच्या 16व्या अध्यायात पळून निघालेली दासी हागार देवाला ‘पाहणारा’ म्हणते. परंतु त्याआधी, ती कोठून आली व कोठे जात आहे, अशी तिची विचारपूस झालेली असते. फोन भाजीवालीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावयाचा तर खाली बसावे लागते, आणि बसल्यावर बोलणे होतेच. नवा प्रयोग म्हणून एवढे करून पाहावे. ती नको म्हणाली, तर भाजी तेवढी घ्यावी.