दुसऱ्याच्या देहाची जबाबदारी

कारखान्यातली शिफ्टची नोकरी सांभाळून मला व्यायाम-प्रशिक्षक व्हायचंय. नागोठण्याहून रेल्वेने पनवेल गाठता येतं, म्हणून सुट्टीच्या दिवशीचा अर्धवेळ अभ्यासक्रम तिथे शोधतोय. जाहिराती पिळदार दंड दाखवतात. मला वेगळाच प्रश्न पडतो: दुसऱ्याच्या देहाला वळण लावायचा अधिकार कशाने मिळतो?

गीतेच्या 17व्या अध्यायात शारीर तपात शौच, ब्रह्मचर्य यांच्यासोबत अहिंसाही मोजली आहे. बलोपासना सांगणाऱ्या समर्थ रामदासांनी मारुती स्थापले, आणि मारुती एवढा बलवान असूनही रामाचा दासच. ताकद सेवेसाठी असते, हे मी त्यातून घेतो. मग रक्तदाब असलेल्या पन्नाशीच्या माणसाला श्वास कोंडून जड वजन उचलायला लावणं ही मला हिंसाच वाटते, कारण त्या क्षणी रक्तदाब झपाट्याने चढतो.

म्हणून माझी कसोटी ठरली आहे. शरीररचना, प्रथमोपचार, सीपीआर शिकवतात का? जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली सराव करून घेतात का? नुसत्या चित्रफिती पाहून मिळणारं प्रमाणपत्र मी घेणार नाही, मग वेळ कितीही लागो. तुम्हीही फी विचारण्याआधी हे विचारा.