दिलेलं आणि घेतलेलं

‘फुकट’ हा शब्द आपण दोन प्रकारे वापरतो. भाजीवालीनं कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत टाकल्या की ‘फुकट मिळाल्या’ म्हणतो, आणि दिवस वाया गेला की ‘दिवस फुकट गेला’ म्हणतो. ज्याला पैसे पडत नाहीत ते आणि ज्याला मोल नाही ते, बोलण्यात दोन्ही एकच होऊन बसलंय. अचौर्यव्रताचा विचार करताना मी नेहमी या शब्दापाशी अडते.

अचौर्य म्हटलं की वाटतं, हे व्रत सोपं. आपण कुठं कुणाच्या घरी चोरी करायला जातोय? पण तत्त्वार्थसूत्रानं चोरीची व्याख्या फार बारीक केली आहे. जे दिलेलं नाही ते घेणं, ती चोरी. कुलूप फोडायची गरजच नाही. मग मला प्रश्न पडतो, जे सगळ्यांनाच फुकट दिलंय, तिथं चोरी होऊ शकते का?

मे महिन्यात आम्ही बेळगावच्या आठ बायका काशीला गेलो होतो. भेलूपूरला पार्श्वनाथांचं आणि भदैनीला सुपार्श्वनाथांचं जन्मस्थान, दोन्हीकडं दर्शन झालं. भदैनीला गंगेकाठी १९०५ साली सुरू झालेलं स्याद्वाद महाविद्यालयही पाहिलं. तिथून काठाकाठानं थोडं दक्षिणेला गेलं की अस्सी घाट. २०१४ सालापासून तिथं पहाटे ‘सुबह-ए-बनारस’ नावाचा कार्यक्रम होतो. आधी गंगेची आरती, मग सकाळच्या रागांचं गायन किंवा वादन, शेवटी योगासनं. तिकीट नाही, पास नाही, कोणीही यावं. मे महिन्यात काशी दुपारी भट्टीसारखी तापते, त्यामुळं पहाटेचा गारवा हेच पहिलं सुख. गंगा इथं उत्तरेकडं वाहते आणि घाट पश्चिम काठावर, म्हणून सूर्य बरोबर समोर, पलीकडच्या वाळूवर उगवतो. त्या दिवशी अहिरभैरव चालला होता.

आमच्यातल्या एकीनं आयुष्यात पहिल्यांदा असं समोर बसून शास्त्रीय गाणं ऐकलं. बेळगावात गाणं नाही असं नाही. कुमार गंधर्वांचा जन्मच आमच्याजवळच्या सुळेभावीचा. पण तिकिटाला पैसे मागायचे म्हणजे ‘तुला काय कळतंय त्यातलं?’ हेही ऐकून घ्यायचं. फुकट गाण्याच्या दारात ही परीक्षा नसते. घरातल्या बाईला ते किती मोलाचं, हे तिलाच ठाऊक.

पण त्याच पहाटे दुसरंही एक घडलं. आमच्यातल्या एक अक्का सगळ्यांच्या आधी येऊन चादर अंथरून बसल्या होत्या. आठजणींची जागा. आम्ही चौघी पोचलो, बाकीच्या धर्मशाळेत अजून आवरतच होत्या. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आली आणि मोकळ्या चादरीकडं बघत उभी राहिली.

‘‘अक्का, बसू दे की त्यांना,’’ आमच्यातली एक सून म्हणाली.

‘‘आमची माणसं यायचीत की ग अजून! साडेतीनला उठून जागा धरलीय मी.’’

सून आणि मी सरकलो, म्हातारीला मधे घेतलं. चादरीचं पलीकडचं टोक गाणं अर्धं होईपर्यंत मोकळंच राहिलं.

धर्मशाळेत परतल्यावर विषय निघालाच. अक्का म्हणाल्या, ‘‘मी कुणाचं काय घेतलं? जागा कुणाची होती होय? आणि आपल्यातल्या दोघींचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी कोण जागा धरणार होतं?’’

स्याद्वाद पाहून आलेल्या आम्ही, तेव्हा अक्कांची बाजूही नीट बघायला हवी. दुखऱ्या गुडघ्यांची काळजी खरी होती. साडेतीनला उठणं खरं होतं. पण ‘जागा कुणाचीच नव्हती’ हे मात्र मला पटत नाही. कुणाचीच नाही आणि सगळ्यांची आहे, यात फार अंतर आहे. घाटाची पायरी प्रत्येकाला दिलेली होती, पण बसण्यापुरती. त्याहून जास्त व्यापलेली जागा दिलेली नव्हती, घेतलेली होती.

गंमत बघा, सूर असा असतो की ऐकणारा एक वाढला म्हणून आधीच्याचा वाटा कमी होत नाही. शंभरांनी ऐकला तरी प्रत्येकाला पुरा मिळतो. कमी पडते ती जागा. न संपणारं ऐकायला आपण जातो आणि संपणाऱ्यावरून भांडतो.

मग दुसऱ्यासाठी जागा धरायचीच नाही का? तसं मला म्हणायचं नाही. परिग्रह वस्तूत नसतो, आसक्तीत असतो, हेही आपल्याच शास्त्रानं सांगितलंय. त्यामुळं चादर अंथरण्यात दोष नाही. समोर गरजू माणूस उभं राहिल्यावर तिची एक घडी घालता येते की नाही, एवढंच पाहायचं. येत असेल तर ती काळजी, येत नसेल तर ती आसक्ती. गुडघे आपल्या माणसांचेच दुखतात असं थोडंच आहे? त्या म्हातारीच्या हातात काठी होतीच की.

आणि फुकटाच्या मागं कुणाचे तरी कष्ट असतातच. गाणारा वर्षानुवर्षं रियाज करतो, कुणी अंधारात उठून सतरंज्या घालतो, कुणी पायऱ्या झाडतो. त्यांनी दिलं ते आपल्या आठजणींना नव्हे, येईल त्याला दिलं. देणाऱ्यानं ज्या मनानं दिलं त्याच मनानं घेणं, माझ्या मते अचौर्य ते हेच.

भाद्रपदात दशलक्षण पर्व येईल. बस्तीत प्रवचनाला पुढच्या रांगेत रुमाल टाकून आपण मैत्रिणीची जागा धरू, आणि ती यायच्या आधी कुणी अनोळखी बाई लेकराला घेऊन तिथं येऊन उभी राहील. उत्तम शौच आणि उत्तम आकिंचन्य यांवरची प्रवचनं ऐकायला आपण बसलेलो असू. रुमाल उचलायला तेव्हा हात किती वेळ लावतो, ते प्रत्येकीनं आपलं आपण बघावं.