चार बोटं

रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ऑडिट यायचं होतं. गेटातून आत आलं की समोरच्या भिंतीवर कोण कुणाच्या हाताखाली हे दाखवणारा मोठा तक्ता लावायचं ठरलं. वर प्लांट हेड, खाली खातेप्रमुख, मग सुपरवायझर, शेवटी ऑपरेटर आणि फिटर. चौसष्ट चौकटी, चौसष्ट चेहरे. काम आलं एचआरमधल्या सगळ्यात नव्या मुलीकडे. ती दौंडची. वडील रेल्वेतून पॉइंट्समन म्हणून निवृत्त झालेले. ती कारेगावात खोली घेऊन राहायची आणि सुट्टीला न्हावरे, चौफुला करत घरी जायची.

फोटो व्हॉट्सअॅपवर आले. कुणी पासपोर्टचा धाडला, कुणी लग्नाच्या अल्बममधला, कुणी गाडीत बसून काढलेला. चौकट मात्र सगळ्यांना एकच, ३५ बाय ४५ मिलिमीटर. पहिल्या दिवशी तिनं फोटो कडेला धरून ओढले, तर खातेप्रमुखांचे गाल कानांच्या बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी हात बसला. कोपरा धरून लहानमोठं करायचं, उंची-रुंदीचं प्रमाण मोडू द्यायचं नाही, चौकटीबाहेरचं छाटायचं आणि सगळ्यांचे डोळे एका रेषेत आणायचे. डोळे एका रेषेत आले की तक्ता बघत राहावासा वाटतो. हे काम हलकं नाही. माणसाचा चेहरा वाकडा दिसू नये म्हणून कुणी तासभर बसतं, त्यात आदर असतो, असं मला मनापासून वाटतं.

शेवटचा फोटो मेंटेनन्सच्या मामांचा. मामा वरवंडचे, पंचवीस वर्षं फिटर. त्यांच्याकडे एकट्याचा फोटोच नव्हता. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली तेव्हा चारपाच जणांचा काढलेला होता, तोच त्यांनी दिला. तिनं मामांना त्यातून वेगळं काढलं. चेहरा छान आला, पण डाव्या खांद्यावर दुसऱ्या कुणाची तरी चार बोटं राहिली. नखांत काळं ग्रीस, एका बोटाला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. चौकट सरकवून बघितली, बोटं जाईनात; फार सरकवली तर मामांचा कान कापला जाई. मग तिनं बाजूचा खाकी रंग उचलून बोटांवर फिरवला. दहा मिनिटांत खांदा कोरा झाला.

तक्ता लागला त्या दिवशी मामा बराच वेळ बघत उभे होते. म्हणाले, "चांगला काढलास गं ताई. फक्त खांदा हलका वाटतो बघ."

तिला ते नीट कळलं नाही. मामांनीही उलगडून सांगितलं नाही.

सुट्टीला तिनं तक्त्याचा फोटो वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून खालची ओळ वाचली. "फिटरच्या हाताखाली कोण?"

"कंपनीचं कुणी नाही अप्पा. ठेकेदाराचे हेल्पर असतात. त्यांना तक्त्यात नाही घेत."

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मनमाडकडून पुण्याला जाणारी गाडी दौंडात आली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचो आम्ही. शेवटचा डबा पहिला व्हायचा. जोडणारा मात्र दोन डब्यांच्या मधे. फलाटावरून तो दिसायचा नाही."

असा तक्ता मुळात आला तोही रेल्वेतूनच. १८५५ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क अँड इरी रेल्वेच्या डॅनियल मॅक्कॅलमनं तो काढून घेतला. त्याचं म्हणणं सरळ होतं. पन्नास मैलांची रेल्वे एक माणूस स्वतःच्या नजरेखाली चालवू शकतो, पाचशे मैलांची नाही. त्यानं तक्ता काढला तो झाडासारखा. अध्यक्ष आणि संचालक तळाशी, मुळांच्या जागी. स्टेशनांवरची आणि गाड्यांवरची माणसं वर पसरलेल्या फांद्यांवर. पुढे ते झाड कुणी उलटं केलं कुणास ठाऊक, पण मला पहिलंच खरं वाटतं. मुळानं फांदीला धरायचं असतं.

आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी वरवंडला मुक्कामाला आली. मामा दरवर्षीप्रमाणे रजा टाकून वारकऱ्यांच्या सेवेला गेले. शिरूरचा भाग तसा कमी पावसाचा, पण त्याच रात्री रांजणगावावर असा कोसळला की दोन तासांत कारखान्याच्या आवारात गुडघाभर पाणी. ते केबलच्या चरातून पॅनल रूमकडे निघालं. पाणी बाहेर काढणाऱ्या जुन्या चेंबरचं झाकण नव्या शेडच्या वेळी पेव्हर ब्लॉकखाली गेलेलं. नेमकं कुठं, ते नकाशात नव्हतं. मामांचा फोन लागेना. पालखीच्या गर्दीत तिथं कुणाचाच लागत नव्हता.

नवे प्लांट हेड बॅटरी घेऊन तक्त्यासमोर उभे राहिले आणि एकेका चौकटीला फोन लावत गेले. कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी रात्रपाळीचा वॉचमन म्हणाला, "साहेब, मामांच्या हाताखालचा तो नांदेडकडचा पोरगा सांगेल. चेंबर त्यानंच खणलं होतं. पण तो या बोर्डावर नाही."

पोरगा कारेगावातच राहायचा, सहा जणांच्या खोलीत. जीप पाठवून त्याला आणलं. त्यानं शेडच्या तिसऱ्या खांबापासून पावलं मोजली, पाण्यात हात घालून चाचपलं आणि म्हणाला, "हितं पहार लावा." ब्लॉक निघाले, झाकण निघालं. पाणी आवाज करत खाली उतरलं तेव्हा ते पॅनलपासून चार बोटं खाली होतं.

दुसऱ्या दिवशी तिला सगळं कळलं. तिनं मामांचा मूळ फोटो उघडला. छाटलेली कड धरून हळूहळू बाहेर ओढली. आधी चार बोटं आली, त्यातलं एक टेपवालं, मग मनगट, बाही आणि कपाळाला हळदकुंकू लावून हसणारा विशीतला पोरगा. ३५ मिलिमीटरमध्ये दोघं मावत नव्हते. तिनं चौकट रुंद केली. वरून आलेली रेषा आता दोघांच्या मधोमध टेकली.

खाली नाव लिहायचं होतं. ठेकेदाराच्या यादीत फक्त 'हेल्पर ११' एवढंच होतं. ती वही घेऊन मेंटेनन्सच्या शेडमध्ये गेली. पोरगा पंप उघडून बसला होता.

"दादा, तुमचं पूर्ण नाव सांगा. वडिलांचंसुद्धा."

"गेटपासवर नंबर हाय ना ताई."

"नाव हवंय."

तो उठला. कापडाला हात पुसले, एकेक बोट नीट पुसलं आणि मग नाव सांगितलं.