टिंब पुसताना

बसा. हात मांडीवर सैल सोडा.

समोर बर्फाचा डबा आहे. बर्फात एक नळी रुतली आहे, करंगळीएवढी. तळाशी एकच थेंब. नितळ.

त्या थेंबापाशी थांबा.

तो आत्ताच उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून आलाय. घाई नको. बर्फावरच हळूहळू सुटू द्या त्याला.

या थेंबात टेट१ आहे. माणसाचं एन्झाइम. पण अशी एन्झाइमं पुष्कळदा लष्करी अळीच्या पेशींत माणसाचं जनुक ठेवून घडवतात. तीच अळी, आपल्याकडचा मका फस्त करणारी. तिच्या पेशीत आपलं काहीतरी घडतं. मला हे फार जवळचं वाटतं.

आता डीएनएचं एक अक्षर डोळ्यांपुढे आणा. सी. त्यावर एक टिंब. एक कार्बन, तीन हायड्रोजन. एवढंच.

अक्षर तेच राहतं. पण टिंबांची दाटी झाली, की तिथलं पान पेशी बहुतेक वेळा मिटूनच ठेवते.

टिंबाकडे बघत राहा.

२००९ साली बोस्टनमध्ये अंजना राव यांच्या गटाने दाखवलं, की टेट१ या टिंबाला ऑक्सिजन जोडतं.

पुसायचं, तर आधी जोडायचं. इथे जरा रेंगाळा.

श्वास घ्या. सावकाश.

एन्झाइमही ऑक्सिजन घेतं. त्याच्या गाभ्यात लोखंडाचा एक अणू आहे. ऑक्सिजन त्याच्यापाशी येतो. त्याचे दोन अणू विलग होतात. एक टिंबाला मिळतो. दुसरा अल्फा-कीटोग्लुटारेट नावाच्या सोबत्याला. आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो.

श्वास सोडा.

तुमच्या रक्तातही ऑक्सिजन लोखंडच धरतं. पुन्हा एकदा, आत. बाहेर.

शेजारी दुसरी नळी आहे, डीएनएची. तिच्यातलं लोखंड कामाचं राहावं म्हणून तिथे क जीवनसत्त्व असतं. आवळ्यातलं.

आता थेंब या दुसऱ्या नळीत सोडा. थेंबात ग्लिसरॉल आहे, म्हणून तो जड. बघा, पाकाची तार पाण्यात उतरावी, तसा एक धागा खाली जातोय. लखलखतोय.

नळी हिसडू नका. बोटाने टिचकी मारा. हलकेच. अजून एक.

धागा विरला.

आता ३७ अंश. अंगाची ऊब.

आत एक अक्षर डीएनएच्या पिळातून बाहेर वळतं. एन्झाइमच्या खळग्यात टेकतं. टिंबाला ऑक्सिजन मिळतो. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

पेशीत असतं, तर दुसरं एन्झाइम येऊन ते अक्षरच कापून काढतं, आणि तिथे कोरा सी बसतो. या नळीत ते दुसरं एन्झाइम नाही. टिंब बदलतं, आणि थांबतं.

तुम्हीही थांबा.

आपल्या मेंदूच्या पेशींत अशी एकदाच ऑक्सिजन लागलेली टिंबं खूप असतात. पुसली न गेलेली. आहेत तशीच.

डोळे मिटा. कपाळामागे, अंधारात, ती आत्ताही आहेत.

श्वास आत येऊ द्या.